खिशात मावणारे स्वस्त कॅमकॉर्डर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची गॅदरिंगं, भजनं, नातेवाइकांच्या साठीशांती असं सगळं मी गेली पंधरा वर्षं छोट्या कॅमेऱ्यांवर टिपते आहे. पैसे घेऊन नव्हे, हौसेने. त्यामुळे "अगं, एक स्वस्तातला व्हिडिओ कॅमेरा सांग ना" हा फोन महिन्यातून दोनदा तरी येतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा हे पान लिहून ठेवलं.

पॉकेट कॅमकॉर्डर म्हणजे नक्की कुठला कॅमेरा?

साबणाच्या वडीएवढा, उभा धरायचा, मागे छोटा पडदा आणि त्याखाली मोठं लाल बटण. टेप नाही, फोकसची रिंग नाही. बहुतेकांच्या बाजूला यूएसबीची पिन असते. ती चाकूच्या पात्यासारखी बाहेर काढायची आणि थेट संगणकात खुपसायची. वायर हरवण्याचा प्रश्नच नाही.

याची सुरुवात अमेरिकेतली. प्युअर डिजिटल नावाच्या कंपनीने 2005 मध्ये औषधांच्या दुकानांत साधारण ३० डॉलरला एक 'वापरा आणि परत करा' कॅमेरा ठेवला. वीस मिनिटं शूट करायचं, कॅमेरा दुकानात परत द्यायचा आणि डीव्हीडी घ्यायची. हुशार पोरांनी थोड्याच दिवसांत घरगुती केबल जोडून त्यातला व्हिडिओ स्वतःच काढायला सुरुवात केली. लोकांना परत न देता ठेवता येणारा कॅमेरा हवाय हे यातून उघडच दिसत होतं. २००७ मध्ये त्याच कंपनीचा फ्लिप अल्ट्रा आला: ६४० बाय ४८० ठिपक्यांचं चित्र, २ जीबी मेमरी, साठ मिनिटांचं शूटिंग, दोन पेन्सिल सेल. त्यानंतर कोडॅक, सोनी, सॅमसंग, क्रिएटिव्ह, तोशिबा असे सगळेच या रांगेत उभे राहिले.

आपल्याकडे हे कॅमेरे बरेचसे बॅगेतून आले. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत २००९-१०च्या सुमारास अमेरिकेतल्या भावाने किंवा जावयाने आणलेला फ्लिप होता, आणि अजूनही कुठल्यातरी खणात तो असेल.

एवढे चांगले होते तर बंद का पडले?

फोनमुळे. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीने मार्च २००९ मध्ये ५९ कोटी डॉलर मोजून फ्लिपवाली कंपनी घ्यायचं जाहीर केलं. त्यानंतर तीन महिन्यांत आयफोन ३जीएस आला आणि फोनमध्ये ठीकठाक व्हिडिओ निघायला लागला. २०१० च्या आयफोन ४ ने ७२०पी (म्हणजे उंचीला ७२० ठिपक्यांचं चित्र) दिलं, म्हणजे फ्लिपचं एचडी जेवढं होतं तेवढंच. १२ एप्रिल २०११ ला सिस्कोने फ्लिपचा धंदा गुंडाळत असल्याचं सांगितलं, साडेपाचशेच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत संरक्षण मागितलं आणि पुढच्याच महिन्यात खिशातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांसकट सगळे डिजिटल कॅमेरे बंद करणार असल्याचं कळवलं.

मग आज घ्यायचाच कशाला? मोबाइल आहे की.

दहातल्या आठ जणांना मी हेच सांगते: नका घेऊ. चांगल्या उजेडात बऱ्यापैकी नवा फोन या जुन्या कॅमेऱ्यांपेक्षा सरस चित्र देतो.

उरलेल्या दोघांची कारणं मात्र खरी असतात. एक, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात फोन द्यायचा नसतो, पण त्याला शूटिंगची हौस असते. दोन, तासभर चालणारा कार्यक्रम टिपताना फोन अडकून पडतो. मध्येच कॉल येतो, मेमरी भरते, कुणाचा तरी बँकेचा ओटीपी पडद्यावर झळकतो. भजनाच्या ठिकाणी मी कॅमेरा स्टँडवर लावून विसरून जाते आणि फोन माझ्या पर्समध्ये शांत असतो. हल्ली तिसरं कारण ऐकू येतं: कॉलेजच्या मुलांना तो २०१०च्या काळातला, जरा धुवट रंगांचा व्हिडिओ आवडतो. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

फ्लिप, कोडॅक, सोनी… जुन्यांपैकी कुठला?

एकच सांगायचा तर कोडॅकचा झेडआय-८, २००९ सालचा. कारणं तीन. त्यात बाहेरचा माइक लावायची जागा आहे, बॅटरी काढून दुसरी घालता येते, आणि एसडी कार्ड बसतं. स्वस्त कॅमेऱ्यांत या तिन्ही गोष्टी एकत्र फार थोड्यांनी दिल्या. चित्र १०८०पी, आणि वेगवान हालचालींसाठी ७२०पी मध्ये सेकंदाला साठ चौकटी (फ्रेम). वरच्या बाजूला जवळच्या वस्तूंसाठी मॅक्रोची पट्टी सरकवता येते, म्हणजे रांगोळीचं टोक किंवा जुन्या पोथीतलं अक्षर जवळून घेता येतं. बाकीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस पक्का बसवलेला असतो. हातभर अंतराच्या आत गेलं की सगळं धुरकट.

त्याचा थोरला भाऊ झेडआय-६, २००८ चा. ७२०पी, तोही सेकंदाला साठ चौकटी देणारा, आणि पेन्सिल सेलवर चालणारा. माइकची जागा नाही. तरी चालू अवस्थेत मिळाला तर मुलासाठी घ्यायला हरकत नाही, कारण सेल गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतात.

फ्लिपची गंमत वेगळी. त्यात काही नाहीच, हीच त्याची खुबी. मेनू नाही, सेटिंग नाही, कार्ड नाही. माझ्या आईला चष्मा न लावता वापरता आलेला हा एकमेव कॅमेरा. मिनो-एचडी २००८ च्या नोव्हेंबरचा, ४ जीबी, एक तास. बॅटरी आतच बंद, त्यामुळे आज मिळाला तर ती दमलेलीच असणार. अल्ट्रा-एचडी २००९ चा, ८ जीबी, दोन तास, आणि त्याची बॅटरी काढता येते. फ्लिपमधून निवडायचा तर अल्ट्रा-एचडी. नाजूक, चकचकीत म्हणून मिनो घेऊ नका.

सोनीच्या ब्लॉगीमध्ये पीएम-५ हे मॉडेल बघा. त्याची लेन्स २७० अंशांत फिरते, म्हणजे पडदा स्वतःकडे ठेवून स्वतःलाच टिपता येतं. सेल्फीचा जमाना यायच्या आधीची ही करामत. नंतरच्या ब्लॉगी टचमध्ये कार्ड घालायची जागाच काढून टाकली. तो मी कुणाला सुचवत नाही.

७२०पी पुरतं की १०८०पी हवंच?

व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार असेल तर ७२०पी भरपूर. या काळातल्या स्वस्त कॅमेऱ्यांत १०८०पी आणि ७२०पी यांतला फरक कागदावर मोठा आणि पडद्यावर लहान आहे, कारण आतली चकती, म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर, तेवढीच इवलीशी असते. त्याच जागेत जास्त ठिपके कोंबले की संध्याकाळच्या उजेडात दाणे दिसायला लागतात.

खरी किल्ली बिटरेटची, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली जाते त्याची. खोक्यावर तो आकडा नसतो, पण तोंडी हिशोब करता येतो. मिनो-एचडीत ४ जीबीत एक तास बसतो, म्हणजे १ जीबीला पंधरा मिनिटं, सेकंदाला सुमारे ९ मेगाबिट. ७२०पीला हे चांगलं प्रमाण आहे. एखादा कॅमेरा 'फुल एचडी' म्हणवतो आणि १ जीबीत अर्धा तास बसवतो म्हणाला, तर समजा की दुधात पाणी घातलंय. पानं हलताना, नाचताना, पाण्याच्या लाटांवर लगेच चौकोन फुटलेले दिसतील.

आवाज का खराब येतो?

जुने टीकाकार चित्रावरच लिहीत बसले, पण या कॅमेऱ्यांचा दुबळा अवयव कान आहे.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी पहिल्यांदा टिपल्या तेव्हा कॅमेरा समोरच्या कपाटावर ठेवला होता. चित्र सुरेख. नऊवारीचा काठ दिसतोय, खुंटा धरलेला हात दिसतोय, पिठाची रांग पडताना दिसतेय. आवाज मात्र नुसता जात्याचा. घर्रर्र. आजीचे शब्द त्याच्या मागून, विहिरीतून आल्यासारखे. वर स्वयंपाकघरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या अगदी स्पष्ट.

असं होतं कारण आतला माइक चारी दिशांचं सारखंच ऐकतो, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय चालूच असते. बुवा क्षणभर थांबले की ती सोय आवाज वाढवते, मग पंख्याची सूं ऐकू येते. तेवढ्यात टाळ वाजला की ती एकदम दाबते आणि पुढचे दोन शब्द गिळले जातात.

उपाय एकच, जवळ जा. दुसऱ्या वेळी मी आजीच्या उजव्या अंगाला, तोंडापासून हातभर अंतरावर पाटावर बसले. चौकटीत जातं अर्धंच आलं, पण शब्द सगळे आले. पंखा बंद करा, खिडकी लावा. बाहेर असाल तर माइकच्या भोकावर पट्टी बांधायच्या कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, वाऱ्याची फडफड बरीच कमी होते.

झेडआय-८ ला मोबाइलचा कॉलर माइक चालेल का?

तसाच खुपसलात तर बहुधा नाही. पिनकडे नीट बघा. मोबाइलच्या पिनवर काळ्या रेघा तीन असतात, कॅमेऱ्याला लागते दोन रेघांची पिन. चार पट्ट्यांची तीन पट्ट्यांत करणारी जोडणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फार स्वस्तात मिळते. घरी आणल्यावर एक मिनिट टिपून, हेडफोन लावून ऐका. कार्यक्रमाच्या दिवशी प्रयोग नकोत.

फक्त संगीतच टिपायचं असेल तर झूम कंपनीचे क्यू-३ आणि क्यू-३एचडी शोधा. वरच्या बाजूला दोन खरे माइक, चित्र बेताचं. स्वस्तात ते बसत नाहीत, पण पखवाजाचा घुमारा त्यात जसा येतो तसा वरच्या कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही.

पेन्सिल सेलचा घ्यावा की चार्जिंगचा?

आजच्या घडीला पेन्सिल सेलचा किंवा बॅटरी निघणारा. आत बंद असलेली लिथियम बॅटरी दहा-पंधरा वर्षांनी चार्ज धरत नाही आणि कधीकधी फुगते. मागचं झाकण जरा उचललेलं, पडदा मधोमध फुगलेला दिसला तर तो चार्जिंगला लावूच नका.

पेन्सिल सेलमध्येही भेद आहेत. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते साधे सेल या कॅमेऱ्यात काही मिनिटांतच मान टाकतात. अल्कलाइन किंवा चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. झेडआय-८ ची बॅटरी क्लिक-७००४ या नावाची. तीच फुजीची एनपी-५० म्हणूनही मिळते, म्हणून दुकानदाराने "कोडॅकचं आता येत नाही" म्हटलं तरी हार मानू नका.

आणि बॅटरी संपायच्या आत लाल बटण दाबून शूटिंग थांबवा. एमपी४ आणि एमओव्ही फाइलची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर तासाभराचा ऐवज आत असूनही फाइल उघडत नाही. अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्राम अशा फाइली बऱ्याचदा वाचवतो. त्याला त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल नमुन्याला द्यावी लागते.

६४ जीबीचं कार्ड घालू का?

जुन्यांत नको. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं हीच त्यांची मर्यादा. मी १६ वरच थांबते. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि रस्त्यावरच्या स्टॉलवर '५१२ जीबी फक्त अमुक रुपयांत' असं दिसलं तर पुढे चला. त्यात असतात १६, दाखवतात ५१२, आणि जास्तीचं शूटिंग हवेत जातं. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून तपासता येतं.

ऑनलाइन '४के, ५६ मेगापिक्सेल' नवाकोरा कॅमकॉर्डर स्वस्तात मिळतोय. घेऊ?

या कॅमेऱ्यांवर नाव काहीही असतं, आत बहुधा एकच माल असतो. लहान चकतीवरचं चित्र ताणून मोठं केलेलं, म्हणजे फाइल ४के ची, तपशील कमीचा. सोबत १६ पट 'डिजिटल झूम', रिमोट, लेन्सचं छत्र, पिशवी. खोकं उघडताना आनंद होतो.

तपासायची सोपी रीत: रोजचं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा, सहा फुटांवर कॅमेरा टेबलावर ठेवा, एकदा ४के आणि एकदा १०८०पी वर दहा-दहा सेकंद टिपा. मग दोन्ही फाइली संगणकावर थांबवून मोठ्या करा. छोट्या जाहिरातींमधली अक्षरं दोन्हीत सारखीच वाचता (किंवा न वाचता) येत असतील, तर ४के फक्त खोक्यावर आहे. परत करायची मुदत असते, तिच्या आत हे करून टाका.

अजून एक खोड. यांतल्या काहींमध्ये गाडीत लावायच्या कॅमेऱ्यासारखी 'लूप रेकॉर्डिंग' सोय असते आणि ती कधीकधी चालूच येते. मेमरी भरली की जुन्यावर नवं लिहायचं, असा तिचा नियम. भाच्याच्या गॅदरिंगला मी असाच एक कॅमेरा नेला. त्याचा नाच तिसरा, बक्षीस समारंभ शेवटी, कार्ड छोटं. घरी येऊन बघते तर मुख्याध्यापकांचं भाषण अथपासून इतिपर्यंत, आणि नाच पुसलेला. भाचा अजून आठवण करून देतो. घेतल्या घेतल्या मेनूत जाऊन ती सोय बंद करा.

झूम किती असावा?

शून्य धरा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणं. फ्लिपला तो दुप्पट होता, कोडॅकच्या झेडआय-८ ला चौपट, वापरण्याजोगा कुठलाच नाही. पुढच्या रांगेत बसा.

हॉलमध्ये शूट केलं की चित्रात पट्ट्या सरकतात. कॅमेरा बिघडला का?

बिघडलेला नाही, तो अमेरिकेच्या विजेवर वाढलाय. तिकडे वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावते, आपल्याकडे पन्नास. आपली चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते आणि कॅमेरा टिपतो तीस किंवा साठ चौकटी. दोघांचा ताल जुळत नाही, म्हणून काळपट पट्ट्या वर-खाली जातात. हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही हाच त्रास देतात. मेनूत ५० हर्ट्झ हा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर खिडकीचा उजेड किंवा पिवळा बल्ब बरा, कारण त्याची तार तापलेली असते आणि तिला एवढ्या भराभर विझायला वेळच मिळत नाही.

वारीत, धबधब्यावर, पावसात कुठला न्यावा?

कोडॅकचा प्लेस्पोर्ट झेडएक्स-३, २०१० चा. नवा असताना तीन मीटर खोल पाण्यात चालेल असा केलेला. पण आज त्याची रबरी कड सोळा-सतरा पावसाळ्यांची आहे. नदीत बुडवू नका, दिवे घाटातल्या भुरभुर पावसात खुशाल काढा. नेण्याआधी झाकणाच्या कडेवरची रेती ओल्या कापडाने पुसा. एक कणही मध्ये राहिला तर पाणी आत जातं.

चालत शूट केलं तर मात्र चित्र जेलीसारखं थरथरतं. दिंडीसोबत चालण्याऐवजी रस्त्याच्या कडेला उभे राहा, कोपरं पोटाशी घट्ट धरा आणि पालखी चौकटीतून जाऊ द्या. हलत्या हाताला खरोखर सावरणारा कॅमेरा हवा असेल तर डीजेआयच्या ऑस्मो पॉकेटकडे वळावं लागेल, आणि मग 'स्वस्त' हा शब्द विसरावा लागेल.

याच्यावर लग्न शूट होईल का?

नाही. मेंदीचा दिवस होईल.

सेकंडहँड घेताना काय बघू?

विक्रेत्याकडून आधी दोन मिनिटांचं शूटिंग मागवा, फोटो नको. समोरासमोर घेत असाल (पुण्याच्या जुन्या बाजारात असे कॅमेरे अधूनमधून दिसतात) तर स्वतःचे सेल आणि कार्ड घेऊन जा. सेलच्या खणात हिरवट-पांढरी पूड आहे का बघा. यूएसबीची पिन बाहेर काढून हलकेच डोलवा, ती लुळी असेल तर सोडून द्या, कारण फ्लिपमध्ये फाइल बाहेर काढायचा तोच एक दरवाजा आहे. लेन्ससमोर पांढरा कागद धरून टिपा, बुरशीचे धागे लगेच दिसतात. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या कॅमेऱ्यात हे आवर्जून बघा. मी माझा दुसरा झेडआय-८ आठशे रुपयांना घेतला, पट्टा आणि बॅटरी नसलेला.

अमेरिकेतल्या काकांचा फ्लिप खणात सापडलाय. आत काहीतरी आहे असं वाटतं. कसं काढू?

आधी तो चालू करायची घाई करू नका. सेलचा असेल तर जुने सेल काढा. पूड साचली असेल तर कापसाच्या काडीला थेंबभर व्हिनेगर लावून पत्रे पुसा, मग कोरड्या काडीने, आणि तासभर उघडा ठेवा. नवे अल्कलाइन सेल घाला.

पिन संगणकात लावल्यावर फ्लिपशेअर नावाचा प्रोग्राम बसवू का असं विचारेल. नाही म्हणा, त्याची गरज नाही. पेनड्राइव्हसारखा नवा ड्राइव्ह दिसेल, त्यात डीसीआयएम नावाचा फोल्डर, त्याच्या आत व्हिडिओ. सगळा फोल्डर आहे तसा संगणकावर उतरवून घ्या आणि मगच बघायला बसा. कॅमेऱ्यातून थेट चालवत बसलात आणि मध्येच तो मेला तर पुन्हा जागा होईलच असं नाही. एचडीवाल्यांच्या फाइली एमपी४ असतात, त्या कुठेही चालतात. जुन्या अल्ट्राच्या एव्हीआय असतात, त्या व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये चालतील. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या तर हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रामने एमपी४ करून घ्या, मूळ फाइल मात्र पुसू नका.

आणि उतरवून झालं की काकांना फोन करा. आवाज ओळखायला त्यांचीच मदत लागेल.